एसजीपीटी वाढलं? स्टिरॉइड वाढवण्याआधी सीपीके करा

ऑटोइम्यून लिव्हरच्या (शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते अशा आजाराच्या) पेशंटचे एसजीओटी-एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीतली दोन एन्झाइम, वाढले की लिव्हर पुन्हा भडकलं असं धरून स्टिरॉइड वाढवलं जातं. पण ही दोन्ही एन्झाइम स्नायूंतही असतात. ऑटोइम्यून हिपॅटायटिस आणि विशेषतः पीबीसी, म्हणजे प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस (लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिकांचा ऑटोइम्यून आजार), यांच्या जोडीने स्नायूंना सूज येऊ शकते. याला मायोसायटिस म्हणतात. ते ओळखायला सीपीके, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारं एन्झाइम मोजणारी साधी रक्ततपासणी लागते.

तपासणीआधी आठवडाभर जिम, ट्रेक, जड ओझी टाळा. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेतलं असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यानेही सीपीके वाढतं. त्याच रक्तात जीजीटी आणि बिलिरुबिनही बघा. जीजीटी हे लिव्हरचं एन्झाइम स्नायूंतून येत नाही. ते जागच्या जागी आणि सीपीके हजारांत, तर संशय स्नायूंवर घ्यावा. पीबीसीत जीजीटी मुळातच जास्त असतं, म्हणून जुना रिपोर्ट शेजारी ठेवून वाचा.

घरी एवढं करा: हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा, हातांची घडी छातीवर घाला, पाच वेळा पूर्ण उठा-बसा आणि सेकंद मोजा. दर आठवड्याला तीच खुर्ची, तीच वेळ. आकडा वहीत लिहा. पीबीसीचा थकवा वेगळा: अंग गळून जातं, पण उठायचं म्हटलं तर उठता येतं. स्नायू कमजोर असले तर रात्रभर झोप होऊनही मांडी घातलेली असताना हात टेकल्याशिवाय उठवत नाही, वेणी घालताना दंड भरून येतात.

सीपीके नॉर्मल, तरी मांड्या लुळ्या? मग आधी स्टिरॉइडकडेच बघा. प्रेडनिसोलोन महिनोन्महिने चालू असेल तर तेच स्नायू झिजवतं आणि डोस वाढवल्यास आणखी बिघडतं. मात्र गोळी स्वतःहून अचानक बंद करू नका. ते जिवावर बेतू शकतं. व्हिटॅमिन डी आणि थायरॉइडही तपासा. पीबीसीत पित्त कमी पडल्याने डी नीट शोषलं जात नाही.

कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल तर ते जरूर सांगा. ते थांबवूनही सीपीके उतरत नसेल तर एचएमजीसीआर अँटीबॉडी (स्टॅटिनशी जोडलेला स्नायूंचा ऑटोइम्यून आजार दाखवणारी) तपासावी लागते.

पीबीसीतली एएमए अँटीबॉडी आणि मायोसायटिस एकत्र असतील तर हृदयाची तपासणी टाळू नका, अगदी छातीत काही होत नसलं तरी. ईसीजी, टू-डी इको, होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) करा. हृदयाच्या इजेसाठी रक्तात ट्रोपोनिन ‘आय’ मागा, कारण ‘टी’ हातापायांच्या स्नायूंमुळेही वाढू शकतं. चक्कर येऊन पडणं, आडवं झाल्यावर दम लागणं, गिळताना ठसका, कोका-कोलाच्या रंगाची लघवी, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

पीबीसीची यूडीसीए गोळी, रोज किलोमागे 13 ते 15 मिलिग्रॅम, लिव्हरसाठी चालूच राहते. स्नायूंवर तिचा उपयोग नाही. त्यासाठी स्टिरॉइड आणि बहुधा अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध लागतं. अझाथायोप्रिन सुरू होण्याआधी टीपीएमटीसोबत एनयूडीटी15 ची जनुक चाचणी विचारा; ही दोन्ही जनुकं हे औषध शरीरात पचवायला लागतात. भारतीयांत एनयूडीटी15 चा दोष बऱ्यापैकी आढळतो आणि तो असला की नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी कोसळतात.