चवळीच्या पानावरचा ठिपका कोणत्या बुरशीचा, हे कसे ओळखाल?

ठिपका बुरशीचाच आहे ना, हे आधी बघा. ठिपक्याच्या कडेचा तुकडा ब्लेडने कापून काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली कापलेल्या कडेतून धुरासारखा ढगाळ स्राव निघाला, तर रोग जिवाणूंचा आहे. मग बुरशी शोधत बसू नका.

पाने दव वाळल्यावर तोडा. ठिपके नुकते पडलेली पाच-सहा पुरतात आणि ती कागदी पाकिटातच ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत पाने घामेजतात आणि भलतीच बुरशी चढते. पूर्ण करपलेले पान कामाचे नाही.

आता पान उलटे करा. वरून नुसता पिवळट डाग आणि खालून काजळी फासल्यासारखा थर असेल, तर संशय स्यूडोसर्कोस्पोरा क्रुएन्टावर. दोन्ही बाजूंनी तांबूस, गोलसर ठिपके असतील, तर सर्कोस्पोरा कॅनेसेन्सवर. निशाण्याच्या फळीसारखी वर्तुळे दिसली तर कोरिनेस्पोरा कॅसिकोलाही धरा. भिंगाने एवढाच अंदाज येतो. निकाल बीजाणूच, म्हणजे बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कणच, देतात.

पारदर्शक चिकटपट्टी ठिपक्याच्या खालच्या बाजूला हलकेच दाबा, पाण्याच्या थेंबावर चिकटवा आणि ४०० पटीने पाहा. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी उठून दिसावी म्हणून वापरतात तो निळा रंग आधी घालू नका, कारण बीजाणूचा मूळ रंग हीच खूण आहे. कॅनेसेन्सचे बीजाणू काचेसारखे रंगहीन, सुईसारखे लांब. ते ज्या दांड्यांवरून गळतात, त्यांवर गडद, जाड व्रण राहतात. क्रुएन्टाचे बीजाणू फिकट शेवाळी आणि व्रण जाड नसतात. कोरिनेस्पोराचे तपकिरी, जाड भिंतीचे.

बीजाणू दिसलेच नाहीत, तर पान ओल्या टीपकागदासह झाकणाच्या डब्यात २४ ते ४८ तास ठेवा. त्याहून जास्त ठेवले की कुजवणाऱ्या बुरशी बाजी मारतात.

प्रयोगशाळा हाताशी असेल तर निरोगी-रोगट सीमेवरचे ५ मिमीचे तुकडे १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर बुडवा, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा, टिपून बटाटा-डेक्स्ट्रोज आगरवर (ताटलीत बुरशी वाढवायचे माध्यम) २५ ते २८ अंश सेल्सिअसला ठेवा. इथेच बहुतेक जण फसतात. दोन-तीन दिवसांत ताटली भरून टाकणारी अल्टरनेरिया किंवा तत्सम बुरशी गुन्हेगार ठरते, खरी सर्कोस्पोरा मात्र सावकाश वाढते आणि या आगरवर क्वचितच बीजाणू धरते. दहा-पंधरा दिवस थांबा.

खात्रीसाठी ही वाढ पाण्यात घोटून निरोगी रोपांवर फवारा, दोन दिवस झाकून दमट ठेवा. शेजारच्या दोन-तीन रोपांवर नुसते पाणी फवारा. त्यांच्यावरही ठिपके उमटले, तर चाचणी बाद. दुसरे बियाणे घेऊन रोपे पुन्हा वाढवा.