प्राथमिक वर्गातील प्रकल्प: या चुका टाळा

प्रकल्पाधारित अध्ययन, म्हणजे मुलांनी एखाद्या प्रश्नाचा स्वतः शोध घेत शिकणे, आपल्या वर्गात जमत नाही, अशी तक्रार करणाऱ्या नव्या शिक्षकांशी बोलताना एक गोष्ट माझ्या वारंवार लक्षात आली आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांनी प्रकल्प घेतलेलाच नसतो. हस्तकलेचा तास घेतलेला असतो. धडा शिकवून झाल्यावर ‘आता याची प्रतिकृती करून आणा’ असे सांगितले की मुले कापाकापी आणि चिकटवाचिकटवी करतात, पण शोधत काहीच नाहीत, कारण शोधण्यासारखे जे होते ते शिक्षकाने आधीच सांगून टाकलेले असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे प्रकल्प घरी पाठवणे, आणि ती मीही केलेली आहे. चौथीच्या वर्गाला मी जलचक्राचा प्रकल्प देऊन एका आठवड्याची मुदत दिली होती. ठरलेल्या दिवशी वर्गात चौतीस प्रतिकृती आल्या. थर्मोकोलचे डोंगर, कापसाचे ढग, निळ्या जिलेटिन कागदाच्या नद्या, आणि एकीत तर छोटा पंप खरोखरचे पाणी डोंगरावर चढवत होता. मी इतकी हरखून गेले की बाके जोडून प्रदर्शन मांडले आणि मुख्याध्यापिकांना बोलावून आणले. पंपाजवळ उभ्या असलेल्या मुलाला मी सहज विचारले, की पाणी वर कशामुळे जाते. तो म्हणाला, “सेलमुळे. बटण बाबांनी मागच्या बाजूला लावलंय.” उत्तर तंतोतंत खरे होते, कारण त्याच्या जलचक्रातील सूर्य नुसता पिवळ्या कार्डपेपरचा होता. मग मी फिरून इतरांनाही विचारले. ‘बाष्पीभवन’ हा शब्द जवळजवळ सर्वांना येत होता, पण फळा पुसून वाळत टाकलेल्या ओल्या फडक्यातले पाणी कुठे जाते, हे चार-पाच जणांनाच सांगता आले. थोडक्यात, तो आठवडाभर पालकांनी प्रकल्प केला आणि मी पालकांना गुण दिले.

तेव्हापासून माझ्या वर्गात साहित्य घरून येते, पण काम वर्गाबाहेर जात नाही. अर्धवट वस्तू खोक्यात ठेवल्या जातात आणि पुढच्या तासिकेला तिथूनच पुढे सुरू होतात. पहिल्या दोन तासिकांत तर कात्री, डिंक, रंग यांपैकी काहीच बाहेर काढायचे नसते. फक्त कागद, पेन्सिल आणि बोलणे. यामुळे वस्तू ओबडधोबड होतात, काही पालक नाराजही होतात, आणि शेजारच्या वर्गाचे देखणे तक्ते पाहून माझ्याच वर्गातील मुले हिरमुसतात. तरीही मी हा नियम मोडत नाही. तयार किट आणून वेळ वाचवण्याचा सल्ला देणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो, की वाचलेल्या वेळात मुलांनी काय केले?

दुसरी चूक विषय निवडण्यातली आहे. ‘पर्यावरण’ हा प्रकल्पाचा विषय होऊ शकत नाही. त्यात मुलाला बोट ठेवायला जागाच सापडत नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीची मांडणी केली तेव्हा हेतू ठरवणे, आखणी करणे, ती अमलात आणणे आणि झालेल्या कामाची पारख करणे असे चार टप्पे सांगितले होते, आणि शक्यतो चारही टप्पे मुलांनीच पार पाडावेत अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात मुलांच्या वाट्याला तिसरा टप्पा तेवढा येतो. जलचक्राच्या फजितीनंतर पुढच्या वर्षी मी ‘आपल्या शाळेत पाणी कुठे वाया जाते?’ एवढेच फळ्यावर लिहिले आणि गप्प बसले. गप्प बसणे हे या पद्धतीतले सर्वांत अवघड काम आहे. मुलांनी शोधून काढलेल्या एका गळक्या नळाखाली मोजपात्र ठेवले, तेव्हा १० मिनिटांत ५०० मिलीलीटर पाणी जमले. म्हणजे तासाला ३ लीटर आणि दिवसाला ७२ लीटर, हे गणित त्यांनी स्वतः मांडले. त्यावर एकीने शंका काढली, की रात्री टाकी रिकामी झाली तर नळ कसा गळेल? मग दोघे शिपाईकाकांना विचारून आले, आणि आकड्यापुढे ‘जास्तीत जास्त’ हे शब्द जोडले गेले. ते दोन शब्द मी सांगितले असते, तर त्यांची किंमत शून्य झाली असती.

गट करताना होणारी चूक इतकी सरावाची झाली आहे, की ती कोणाला चूक वाटतच नाही. सहा जणांच्या गटात ज्याचे अक्षर चांगले तो लिहितो, ज्याला चित्रकला येते तो चित्र काढतो, धीट मूल सादरीकरण करते, आणि उरलेले तिघे पट्टी धरून उभे राहतात. ज्याला जे येते तेच त्याने पुन्हा केले, तर तो शिकला काय? मी चारांहून मोठा गट करत नाही, कामे दर तासिकेला फिरवते, प्रत्येकाला स्वतःची नोंदवही ठेवायला लावते, आणि सादरीकरणाच्या दिवशी कोण बोलणार हे चिठ्ठी टाकून ठरवते. चिठ्ठीची धास्ती असली, की गट आपल्यातल्या अबोल मुलालाही आपणहून समजावून सांगतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. सजावटीला गुण देऊ नका. दिलेत, तर पुढच्या वेळी सगळा वर्ग चमकी घेऊन येईल. निकष प्रकल्प सुरू होण्यापूर्वी मुलांना सांगा, संपल्यावर नव्हे. इंटरनेटवरून छापून आणलेले चित्र नोंदवहीत चिकटवू देऊ नका. वेडेवाकडे का होईना, मुलाने पाहून काढलेलेच हवे. फसलेला प्रयोग पुसून टाकायला लावू नका. शिक्षकाने मुलाच्या हातातली कात्री घेऊन ‘असं काप’ म्हणत स्वतःच कापणे, हे पालकांच्या पंपापेक्षा वेगळे नाही. आणि डिंक वाळायला लागणारा वेळ वेळापत्रकात धरा. सादरीकरणाच्या आदल्या तासिकेला चिकटवलेली कमान सर्वांसमोर सुटून पडते, मूल रडवेले होते, आणि ती चूक त्याची नसते.