फाटलेला आवाज फेडरनं जुळत नाही भाऊ

भजन मंडळाचं गाणं मिक्स करताना लाल लाइट लागला की नवीन पोट्टे पहिले मास्टरचा फेडर (अख्ख्या गाण्याचा आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ओढतात. लाइट गेला, झालं काम! अरे पण फाटला कुठं ते तर पाहा.

माइकचा आवाज इंटरफेसच्या (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) गेनमधून, म्हणजे आवाज वाढवायच्या बटनातून जाते, तिथं तो शून्य डीबीच्या, म्हणजे मीटरच्या शेवटच्या हद्दीच्या वर गेला की लाटेचा शेंडा सपाट कापल्या जाते आणि तसाच फाइलमध्ये बसते. मग फेडर उणे 20 वर न्या नाहीतर उणे 40 वर, फाटलेलाच आवाज बारीक होऊन येईल. मी यातच लय दिवस अडकून होतो, कारण सॉफ्टवेअरच्या आत उलटं आहे, रीपरसारख्या मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरात फ्लोटिंग पॉइंट चालते, म्हणजे शून्याच्या वरचे आकडेही जपून राहतात, तिथं ट्रॅकवर लाल दिसलं तरी मास्टर खाली घेतला की आवाज बहुतेक वेळा शाबूत निघते. म्हणून वाटते की ही युक्ती सगळीकडंच चालते. नाही चालत. प्लगइनमध्येही (ट्रॅकवर लावायचे इफेक्ट) नाही, कारण फेडर प्लगइनच्या नंतर येते, कंप्रेसरमध्ये (मोठा आवाज दाबणारं प्लगइन) आवाज जास्त घुसत असेल तर क्लिप गेन, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या तुकड्याचाच आवाज कमी करा.

खंजिरी सगळ्यात फसवी. मीटर निवांत दिसते अन् एका थापेत वर उडी मारते. म्हणून टेस्टिंगला हळू वाजवू देऊ नका, गजर रंगात आल्यावर जसं वाजवतात-गातात तसंच करायला लावा, मोठ्यात मोठा पीक (लाटेचा शेंडा) उणे 12 ते उणे 10 डीबीच्या मधात ठेवा. 24 बिटच्या रेकॉर्डिंगवर तेवढं भरपूर आहे, लाट बारकी दिसते म्हणून काही बिघडत नाही, घाबरू नका.

आवाज जाड करायला तोच ट्रॅक कॉपी करून खाली टाकणं बंद करा, जाड होत नाही, फक्त 6 डीबी वाढते.

अन् प्रीसेट (तयार सेटिंग) विकत घेऊ नका बाप्पा. दुसऱ्याच्या गेनवर बनलेला प्रीसेट तुमच्या हार्मोनियमला काय कामाचा? त्यापेक्षा दिवाळीनंतर मंडईत (गावच्या जत्रेत) झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातलं नाटक असते तिथं साउंडवाल्याजवळ रात्रभर बसा, ऑर्गन अन् ऑक्टोपॅड एकदम सुरू झाले की त्याचा हात कुठं जाते ते पाहा. फुकट शिकाल.

शेवटी लिमिटरचं (आवाज ठरल्या हद्दीच्या वर न जाऊ देणारं प्लगइन) सीलिंग, म्हणजे ती हद्द, उणे 1 डीबी ट्रू पीकवर (लाटेचा खराखुरा शेंडा) ठेवा, कारण एमपी3 करताना पीक थोडे वर सरकतात. "डीजेसारखं दणकलं पाहिजे" म्हणणारे भेटतीलच, त्यांना सांगा की यूट्यूब लय मोठं गाणं उणे 14 लफ्सच्या (कानाला आवाज किती मोठा लागते त्याचं माप) आसपास खाली आणतेच.

आता आधीच फाटलं असेल तर? डीक्लिपर (कापलेले शेंडे जुळवणारं प्लगइन) दोन-चार थापा सावरून घेते. अख्खं भजन फाटलं असेल तर मंडळाला परत बोलवा, चहा पाजा अन् गेन कमी करून नव्यानं घ्या.