रिसर्चमधल्या पालकांसाठीची पॉलिसी खरंच न्याय्य आहे का, हे कसं तपासायचं

तुमचं नाव डिपार्टमेंटच्या कमिटीत आलंय आणि फॅमिली-फ्रेंडली पॉलिसी बघायचं काम गळ्यात पडलंय, किंवा तुम्ही स्वतः पोस्टडॉक (पीएचडीनंतर ठरावीक मुदतीसाठी रिसर्च करणारे) आहात, घरात बाळ येणारे आणि आपल्याला नक्की काय मिळणार याचा पत्ता लागत नाहीये. दोन्हीकडे सुरुवात एकच. रजा किती दिवसांची ते नंतर बघा, आधी हे बघा की रजा घेतल्यावर त्या माणसाच्या प्रयोगाचं, पगाराचं आणि पुढच्या नोकरीचं काय होतं, कारण खरा अन्याय तिथे होतो.

सगळ्यात आधी 'सगळ्यांना सारखं' हा शब्द दिसला की थांबा. टेन्युअरचं घड्याळ, म्हणजे प्रोफेसराची नोकरी कायम करायची की नाही हे ठरण्याआधी मिळणारी वर्षं, एक वर्ष थांबवायचं, आई असो की बाबा, दोघांनाही एक वर्ष जास्त, ऐकायला किती बरोबर वाटतं ना? अमेरिकेतल्या टॉप ५० इकॉनॉमिक्स डिपार्टमेंट्समध्ये १९८० ते २००५ या काळात लागलेल्या असिस्टंट प्रोफेसरांचा अभ्यास २०१८ साली अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये आला, त्यात दिसलं की हा नियम आल्यावर त्याच युनिव्हर्सिटीत टेन्युअर मिळण्याचं पुरुषांचं प्रमाण बरंच वाढलं आणि बायकांचं बरंच घसरलं. पुरुषांचे मोठ्या जर्नलमधले पेपर वाढले, बायकांचे तसे वाढले नाहीत. गरोदरपण, बाळंतपण, अंगावर पाजणं, रात्रीची जागरणं यात जिचं वर्ष गेलं तिला ते वर्ष फक्त परत मिळालं, आणि ज्याचं तेवढं गेलंच नव्हतं त्याला ते वरून मिळालं, आणि मग टेन्युअर ठरवणाऱ्या कमिटीची अपेक्षा दोघांसाठी एकाच मापाने वर सरकली.

म्हणून बाबांना काही देऊच नका असं म्हणत नाहीये मी, उलट बाबांनी रजा घेतलीच पाहिजे, नाहीतर सांभाळणं हे कायम बाईचंच काम राहणार. सवलत मात्र पालक असण्याला न जोडता प्रत्यक्ष सांभाळण्याला जोडा. युरोपियन रिसर्च कौन्सिलने पीएचडीनंतर किती वर्षांपर्यंत ग्रँटला अर्ज करता येतो ती मुदत वाढवताना असंच काहीसं केलं, आईला मुलामागे १८ महिने आणि बाबांना जेवढी रजा खरंच घेतली तेवढी. मला हा विचार पटतो, पण यातही एक भोक आहे, ज्या बाबांना त्यांच्या संस्थेने रजाच दिली नाही आणि तरी मूल त्यांनीच सांभाळलं त्यांचं काय? तुमच्या नियमात अशा माणसासाठी एक ओळ घाला. दत्तक घेणारे आणि एकटे पालकही त्यात नावानिशी येऊ द्या.

आता पैसा, आणि इथे जरा जास्त वेळ द्या. पीएचडीवाले आणि पोस्टडॉक बऱ्याचदा फेलोशिपवर असतात, म्हणजे कागदोपत्री ते नोकर नसतातच, त्यामुळे कर्मचाऱ्यांचे रजेचे नियम त्यांना लागू होतील याची खात्री नसते. एचआरला सरळ विचारा, रजा घेतली तर कॉन्ट्रॅक्टची शेवटची तारीख तेवढी पुढे जाते का, आणि त्या वाढीव महिन्यांचा पगार कुठून येतो. रजा मिळाली पण तारीख हलली नाही तर ती रजा माणसाने आपल्याच रिसर्चच्या वेळातून विकत घेतली. आणि तो पगार पीआयच्या (लॅबच्या प्रमुखाच्या) ग्रँटमधून जात असेल तर पुढच्या इंटरव्ह्यूला तरुण बाई समोर बसली की पीआयच्या मनात हिशोब सुरू होतो, तो माणूस वाईट असतो म्हणून नाही, नियमच तसा केलाय म्हणून. हा खर्च युनिव्हर्सिटीच्या किंवा फंडिंग एजन्सीच्या सेंट्रल फंडातून जायला हवा, यावर तडजोड करू नका.

बाळ जन्माला यायच्या आधीचे महिने तर सगळे विसरतात. सॉल्व्हंट, रेडिएशन असलेल्या लॅबमध्ये गरोदर बाईला कित्येक कामं बंद करावी लागतात (रेडिएशनचं तर, तिने कळवल्यावर उरलेल्या दिवसांत पोटातल्या बाळाला रेडिएशनचा डोस साधारण १ मिलिसिव्हर्टच्या (हे डोस मोजायचं एकक) वर जाऊ नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे), म्हणजे प्रयोग रजेच्या कितीतरी आधी थांबतो. तिच्या जागी प्रयोग चालवायला टेक्निशियन ठेवायचे पैसे तेव्हापासून मिळतात का ते बघा. घरकामाला मदत हाही रिसर्चचा खर्च आहे हे नोबेल मिळालेल्या क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांना कळलं, त्यांनी २००४ मध्ये जर्मनीत फाउंडेशन काढलं, ते मुलं असलेल्या तरुण शास्त्रज्ञ बायकांना घरकाम आणि मुलं सांभाळायला पैसे देतं.

ज्यांना मुलं नाहीत त्यांच्याकडेही बघा. कुणी रजेवर गेलं की तिचे शिकवायचे तास बिनमुलांच्या सहकाऱ्याच्या गळ्यात मारायचे, ही तर सरळ लूट आहे, आणि वर त्या दोघांत उगाच कटुता येते. बदली शिक्षकाचे पैसे पॉलिसीतच लिहा. आजारी आईवडील किंवा जोडीदाराला सांभाळणाऱ्यांनाही तोच नियम लागू करा.

मागावी लागणारी सवलत बरेच जण मागतच नाहीत, आपण कमी सिरियस आहोत असं वाटेल म्हणून, तेव्हा मुदतवाढ आपोआप लागू होऊ द्या आणि नको असेल त्याने नको म्हणावं. प्रमोशनसाठी काम तपासणाऱ्या बाहेरच्या रिव्ह्यूअरला जाणाऱ्या पत्रात स्पष्ट लिहा की एवढे महिने मोजायचे नाहीत. एक बारकी गोष्ट, रजेच्या वर्षी जुने पेपर छापून येतच असतात, खड्डा दिसतो तो नंतरच्या एक-दोन वर्षांत, म्हणून 'रजा संपली, आता कामगिरी दाखवा' हे चालणार नाही.

शेवटी आकडे मागा. किती जणांनी सवलत घेतली एवढ्यावर भागवू नका, घेतल्यानंतर त्यातले किती टिकले, किती प्रमोट झाले, बाई-पुरुष वेगळे, फेलोशिपवाले वेगळे. एका डिपार्टमेंटमध्ये माणसं इतकी थोडी असतात की कोण ते लगेच ओळखू येईल, त्यामुळे पूर्ण युनिव्हर्सिटीचे काही वर्षांचे आकडे एकत्र मागा. आणि तुम्ही स्वतःच रजेवर जाणार असाल तर तारीख, पगार आणि बदलीचं माणूस या तिन्हींचं उत्तर निघायच्या आधी ईमेलवर घ्या, तोंडी आश्वासन नको, पीआय बदलला की ते हवेत जातं.