हॉकी कार्डांच्या नादात खिसा रिकामा होतोय? या चुका टाळा

शरद ऋतू लागला की कॅनडातल्या आमच्यासारख्या घरांत एक हट्ट ठरलेला असतो. टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानाच्या रांगेत गाडी उभी राहिली की मागच्या सीटवरून आवाज येतो, "बाबा, कार्डं!" पेयासोबत घेतलेलं, आइस हॉकीच्या खेळाडूंचे फोटो असलेल्या तीन कार्डांचं पाकीट काही फार महाग नसतं. तिथवर कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते पोरगं शाळेतून 'यंग गन्स' हा खास कार्डांसाठीचा शब्द शिकून आल्यावर. आमची पिढी काड्यापेटीचे छाप रस्त्यावरून वेचून जमवणारी, त्यामुळे हे प्रकरण कळेपर्यंत क्रेडिट कार्डाचं बिल येऊन पडतं. माझंही आलं होतं.

पाकिटांचे डबे फोडून सेट पुरा करायला निघणं

सगळ्यात महागडी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो. ही कार्डं काढणाऱ्या अपर डेक कंपनीच्या मुख्य मालिकेचे दर हंगामात दोन मोठे भाग निघतात. पहिल्या भागात २०० साधी कार्डं, आणि २०१ ते २५० हे क्रमांक यंग गन्सचे, म्हणजे एनएचएल या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये नव्याने आलेल्या खेळाडूंचे. दुसऱ्या भागात यंग गन्स ४५१ ते ५००. वर्षानुवर्षं ठरलेलं प्रमाण म्हणजे चार पाकिटांमागे एक यंग गन. अलीकडे पाकिटांचे आकार बदलत असतात, तेव्हा पाकिटामागे बारीक अक्षरात छापलेलं प्रमाण वाचूनच घ्या.

आता वहीवर मांडा. एकही कार्ड दुबार न येता पन्नास जमवायची, तर २०० पाकिटं लागली. पण दुबार येतातच. सुटी पाकिटं घेत गेलात आणि प्रत्येक कार्ड निघण्याची शक्यता सारखीच धरली, तर पन्नासच्या पन्नास हाती लागेपर्यंत सरासरी सव्वादोनशे यंग गन्स निघाव्या लागतात. म्हणजे नऊशे पाकिटं! त्यातलं अगदी शेवटचं, एकच उरलेलं कार्ड सरासरी २०० पाकिटं खातं. वर ऑन्टारियोत १३ टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर.

उपाय सोपा आहे. पाकीट फोडण्याची मजा हवी असेल तर महिन्याला एक-दोन पाकिटं फोडा, आणि हवं ते कार्ड सुटं विकत घ्या. पन्नासातले बहुतेक खेळाडू पुढे फारसं नाव काढत नाहीत, त्यांची कार्डं थोडक्या डॉलरांत मिळतात. महाग असतात ती दोन-चारच.

यादी न बघता खरेदी

२०२३-२४ च्या हंगामात शिकागो संघाच्या कॉनर बेडार्डचं यंग गन कार्ड कुणालाही हवं होतं. त्याच्या आशेने पहिल्या भागाचे डबे फोडणाऱ्यांना ते मिळणं शक्यच नव्हतं. ते होतं दुसऱ्या भागात, क्रमांक ४५१. उलट २०१५-१६ मध्ये कॉनर मॅकडेव्हिड पहिल्याच भागात आला होता, क्रमांक २०१. कोणतं कार्ड कुठे आहे याची यादी इंटरनेटवर फुकट मिळते. दहा मिनिटांचं काम.

आणि बाजारात आल्या आल्या धावू नका. पहिल्या आठवड्यातले भाव उतावळ्यांसाठी असतात.

मागितलेला भाव खरा मानणं

ईबेवर कुणी साध्या कार्डाचे ५०० डॉलर मागतो, पोरगं ते दाखवतं आणि घरात घबाड लागल्याचा आनंद होतो. मागायला काय, कुणी काहीही मागेल. 'विकले गेलेले' हा फिल्टर लावून प्रत्यक्ष सौदे बघा.

ऊठसूट ग्रेडिंग

पीएसएसारख्या कंपन्या कार्ड तपासून एक ते दहा गुण देतात आणि प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून परत पाठवतात. महामारीत याचं एवढं वेड लागलं की २०२१ च्या मार्चअखेर पीएसएला बहुतेक नवी कामं घेणं काही काळ बंद ठेवावं लागलं. फी, जाता-येता टपाल, विमा. दहा डॉलरांच्या कार्डासाठी हे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मुलाने हाताळलेल्या कार्डाला दहापैकी दहा मिळत नाहीत, हेही धरून चाला.

तळघरातल्या जुन्या खोक्याला खजिना समजणं

आइस हॉकीचा महान खेळाडू वेन ग्रेट्झकी याचं ओ-पी-ची कंपनीचं १९७९-८० चं कार्ड २०२१ मध्ये साडेसदतीस लाख अमेरिकन डॉलरांना गेलं. कॅनडातल्याच रेजायना शहरातल्या एका घरात त्याच वर्षाच्या पाकिटांचं न उघडलेलं खोकं सापडलं, तेही २०२४ मध्ये ३७ लाखांच्या वर गेलं. अशा बातम्या वाचून लोक गराज सेलमधून १९९०-९१ ची खोकी उचलतात. त्या काळात कंपन्यांनी कार्डं इतकी छापली की बहुतेकांना आज कुणी विचारत नाही. आमच्याकडेही असं एक खोकं आहे. हिवाळी बूट ठेवायला उपयोगी पडतं.

थेट प्रक्षेपणातले 'ब्रेक'

इथे विक्रेता कॅमेऱ्यासमोर डबे फोडतो आणि तुम्ही आधीच एखाद्या संघाच्या कार्डांचे पैसे भरलेले असतात. त्या संघाचं काही निघालं नाही तर हात हलवत परत. मी याला जुगारच म्हणतो. मुलाच्या फोनमध्ये तुमचं क्रेडिट कार्ड साठवलेलं असेल तर आज काढून टाका.

उघडून परत चिकटवलेली पाकिटं

एका अनोळखी विक्रेत्याकडून मी स्वस्तात दहा सुटी पाकिटं घेतली. एकातही यंग गन नाही. नीट पाहिलं तर कडेची शिवण दोनदा दाबलेली. तेव्हापासून सीलबंद डबा किंवा ओळखीचं दुकान, तिसरं काही नाही.

आधीच बरेच डबे फोडून बसला असाल तर

साधी कार्डं एकेक विकायला जाऊ नका, टपालालाच पैसे जातील. संघवार गठ्ठे करा. एडमंटन संघाचा गठ्ठा घेणारा भेटतो, सरमिसळ ढिगाऱ्याला गिऱ्हाईक नसतं. दुबार यंग गन्स पेनी स्लीव्ह या पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून मग टॉपलोडर या कडक प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये ठेवा. रबरबँड मात्र लावू नका, कडा दबतात. मग तो गठ्ठा घेऊन मुलाला कार्डांच्या प्रदर्शनाला न्या. तिथे पोरं जमिनीवर फतकल मारून अदलाबदल करत बसतात. आमच्याने मागच्या खेपेला तीन दुबार देऊन हवं असलेलं एक मिळवलं, आणि माझा खर्च झाला तो फक्त पार्किंगचा.