लॅपरोटॉमीआधी रिट्रॅक्टरची तयारी: विंग नट मोजलात का?

मागच्या वेळी लॅपरोटॉमीला (पोट उघडून करायच्या ऑपरेशनला) सेटमधून बाल्फोर, म्हणजे जखमेच्या कडा दूर धरणारा चौकटीचा रिट्रॅक्टर, निघाला, पण त्याचा विंग नट (हाताने फिरवायचा पंखांचा नट) नव्हता. मधलं ब्लेड चौकटीवर बसवायचं कशाने? पोट उघडल्यावर हे कळून उपयोग नाही, म्हणून ही यादी.

ग्लोव्ह्ज, गाऊन, सक्शन, कॉटरी या गोष्टी सांगायला नकोत. हाताने धरायचे रिट्रॅक्टर: लँगेनबेक दोन, डीव्हर रुंद-अरुंद मिळून किमान दोन, ओटीपोटाचं काम असेल तर डॉयन. डीव्हरची कड बोटाने चाचपा, खरखरीत लागली तर बाजूला काढा. आतडं त्याच कडेला घासतं.

आता बाल्फोर. सेट ट्रॉलीवर आला की आधी नट शोधा. चौकट 1, बाजूची ब्लेड 2, मधलं ब्लेड 1, विंग नट 1. बाजूची ब्लेड सुटी होत असतील तर एकूण 5, पक्की असतील तर चौकट त्यांच्यासकट एकच, म्हणून 3. फळ्यावर नुसतं ‘बाल्फोर 1’ लिहू नका, सुटे भाग लिहा आणि नटासाठी वेगळी ओळ ठेवा. नुसतं ‘ब्लेड’ही नको, ते स्काल्पेलच्या ब्लेडच्या आकड्यात मिसळतं. मग नट हाताने पूर्ण फिरवून बघा. आटे झिजलेले असतील तर तो ताणाखाली सैल पडतो आणि पोटात पडू शकतो. नट आहे, एवढ्यावर भागत नाही. तो घट्ट बसायला हवा.

ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) जाताना सगळं सुटं हवं. आवळलेल्या नटाखाली वाफ पोचत नाही. पण सुटा नट कापडाच्या घडीत हरवतो, म्हणून सेटमध्येच छोटी जाळीची डबी ठेवा. त्या डबीत नट, दुसरीकडे कुठेही नाही. सांध्यांना मशीनचं तेल लावू नका, त्याच्या थरातून वाफ जात नाही. पाण्यात विरघळणारं इन्स्ट्रुमेंट ल्युब्रिकंटच लावा.

बाजूच्या ब्लेडची खोली पेशंट बघून निवडा. बारीक पेशंटला खोल ब्लेड लावलं तर ते कण्याजवळच्या सोआस स्नायूवर टेकतं, फेमोरल नर्व्ह (मांडीची नर्व्ह) दाबली जाते आणि दुसऱ्या दिवशी पेशंट उभा राहायला गेला की गुडघा लचकतो. म्हणून उथळ जोडीही ट्रॉलीवर हवी. ब्लेडखाली कोमट सलाइनमध्ये भिजवून पिळलेले, टेपवाले मॉप (कापडी घड्या), तेही मोजून. चौकट उघडल्यावर सर्जनने ब्लेडच्या टोकाखालून बोट फिरवून बघायचं: आतडं अडकलेलं नको, सोआसवर दाब नको. ऑपरेशन लांबलं तर मधूनमधून चौकट सैल करायची आठवण सिस्टरने करावी. सर्जनचं लक्ष आत असतं.

काउंट (सगळ्या वस्तूंची मोजणी) तीनदा: सुरुवातीला, पोट बंद करण्याआधी, त्वचेच्या टाक्यांआधी. तिन्ही वेळा नट हातात घेऊन दाखवा. चौकट बाहेर आली म्हणजे नटही आला, असं धरू नका. आकडा जुळला नाही तर थांबा, शोधा, तरी सापडला नाही तर टेबलवरच एक्स-रे. धातू आहे, दिसेल.

नंतरचं थोडक्यात. रक्त सुकू देऊ नका, सलाइनमध्ये भिजत ठेवू नका, स्टीलला खड्डे पडतात. सुटं करा, ब्रशने धुवा, पुसून कोरडं करा. नट डबीत. डबी सेटमध्ये.