पीएलसीचं इनपुट कार्ड बनवताना या चुका टाळा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत कंट्रोलर आणि पॅनेल बनवणाऱ्यांपैकी कुणालाही विचारा, इनपुट कार्डाची (मशीन चालवणाऱ्या पीएलसी या कंट्रोलरला सेन्सर-स्विचचे सिग्नल पोचवणाऱ्या कार्डाची) तपासणी बहुतेक अशीच होते: २४ व्होल्ट दिले, दिवा लागला; काढले, विझला; कार्ड पास. साइटवरून मात्र फोन येतो तो वेगळाच. सेन्सरसमोर काही नाही, तरी इनपुट ऑन दिसतोय! सगळं डिझाइन ‘ऑन’साठी केलेलं असतं, ‘ऑफ’चा हिशेब कुणी मांडलेलाच नसतो.

पहिला संशय टू-वायर प्रॉक्सिमिटीवर, म्हणजे वस्तू जवळ आली की ऑन होणाऱ्या दोन तारांच्या सेन्सरवर घ्या. बंद असतानाही तिच्यातून १.५ मिलिअँपिअरपर्यंत गळती करंट वाहतो. कार्डात नुसता सिरीज रेझिस्टर आणि ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या उजेडाने सिग्नल पलीकडे नेणारा भाग) असेल, तर तेवढ्यावरही ऑप्टो ऑन होतो. पीएलसीच्या आयईसी ६११३१-२ या आंतरराष्ट्रीय मानकातला टाइप ३ इनपुट नेमका यासाठीच आहे: १.५ मिलिअँपिअरला ऑफ, ११ व्होल्टला ऑन.

उपाय अगदी स्वस्त आहे. ऑप्टोच्या एलईडीला समांतर ५६० ओहम लावा. १.५ मिलिअँपिअरला त्यावर ०.८४ व्होल्ट येतात. एलईडीला साधारण १.१ लागतात, म्हणून तो पेटत नाही. सिरीजला ३.३ किलोओहम ठेवा. ११ व्होल्टला एकूण ३ मिलिअँपिअर येतात, त्यातले २ समांतर रेझिस्टर घेतो. उरलेल्या जेमतेम १ मिलिअँपिअरवर ऑप्टो चालायलाच हवा. त्यामुळे हिशेबात डेटाशीटमधला किमान सीटीआर (एलईडीच्या करंटच्या किती टक्के करंट आउटपुटला मिळतो ते प्रमाण) धरा, टिपिकल कधीच नको. वय आणि उष्णता, दोन्हींनी तो उतरतो.

उष्णतेचं तर आपल्याकडे विचारूच नका. सप्लाय ३० व्होल्टला गेला की ३.३ किलोओहमवर पाव वॉट जळतो, म्हणून रेझिस्टर अर्ध्या वॉटचा घ्या. २४ व्होल्टला सोळा चॅनेल मिळून अडीच वॉटच्या वर जातात, आणि मे महिन्यात बंद पॅनेलमध्ये आधीच भट्टी झालेली असते. बजेट असेल तर करंट मर्यादित ठेवणारी इनपुट आयसी वापरा, माझं मत तिच्याच बाजूने आहे.

कार्ड आधीच साइटवर लागलं असेल आणि सेन्सर ऑन झाल्यावर प्लस २४ व्होल्ट इनपुटवर येत असतील, तर इनपुट आणि झीरो व्होल्टच्या मध्ये २.२ किलोओहम, १ वॉटचा रेझिस्टर टर्मिनललाच जोडा. मग गळतीमुळे इनपुटवर येणारा व्होल्टेज ३.३ व्होल्टच्या वर जात नाही.

फिल्टर, म्हणजे ठरावीक वेळेपेक्षा छोटे सिग्नल गाळणारी सोय, सगळीकडे १० मिलिसेकंदांचा ठेवू नका. लिमिट स्विचला तो ठीक. पण फेरीला १००० पल्स देणारा एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) ६०० आरपीएमला १० किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दहा हजार पल्स देतो, त्यातलं काहीच मोजलं जाणार नाही. त्याला वेगळे फास्ट इनपुट द्या.

आणि इंडिकेटरचा दिवा ऑप्टोच्या पुढे, लॉजिकच्या बाजूला लावा. फील्डच्या बाजूला असला, तर ऑप्टो मेला तरी दिवा लागतो, आणि मेंटेनन्सवाला बिचारा रात्रभर प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो.